मेरिलचा काळा डॉलर

जरा जवळ या बघू. कागदावरचं ऐकायला जवळ कशाला यायचं, असं म्हणू नका. बुवा उत्तररंगाला उभे राहिले की भिंतीला टेकलेली मंडळीसुद्धा नकळत पुढे सरकतात, तसे सरका. आख्यान छोटं आहे. देवाचं नाही, संतांचं तर नाहीच नाही. एका चांदीच्या नाण्याचं आहे. आणि त्यात जी चुकते ती बाई मीच, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे ऐकता ऐकता तुम्ही दुसऱ्या कुणावर रागावणार नाही.

मी सुहासिनी. ऑस्ट्रेलियात, स्कोफिल्ड्सला मुलाकडे येऊन आम्हा दोघांना अकरा वर्षं झाली. आमच्याकडे महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी, दुपारी चारला, केलीव्हिलच्या हॉलमध्ये कीर्तन असतं. आमचे उल्हासबुवा आठवडाभर एका बँकेचे कॉम्प्युटर सांभाळतात आणि शनिवारी पगडी घालून उभे राहतात. तबल्याला कुणी ना कुणी मिळतं. व्हायोलिनला मात्र पाच वर्षं एकच माणूस होता, नॉर्बर्टभाऊ.

भाऊ मला किराणा दुकानात भेटले. कोथिंबिरीची जुडी हातात धरून तिलाच रागावत होते, "एवढीशी जुडी नि तीन डॉलर? सोन्याच्या पाण्याने शिंपतात काय तुला?" मराठी ऐकून मी वळले. ते मूळचे वसईचे. तरुणपणी लग्नाच्या बँडमध्ये व्हायोलिन वाजवलेलं, मग तीस वर्षं कॅनडात हॅमिल्टन नावाच्या गावी, आणि आता आमच्यापासून तीन घरं सोडून मुलगा बेन्सन राहतो त्याच्याकडे. मी कीर्तनाचं सांगितलं तर म्हणाले, "ताई, तिथे ख्रिश्चन माणूस चालतो काय?"

मी म्हटलं, "सुरात असला तर चालतो."

ते इतके सुरात होते, की बुवा कधी कधी पद संपवायचं विसरायचे.

त्यांची बायको मेरिल. मी तिला पाहिलेलं नाही. ऑस्ट्रेलियात आल्यावर तीन महिन्यांत ती गेली, त्याला आता नऊ वर्षं होतील. हॅमिल्टनला ती एका लाँड्रीच्या गल्ल्यावर बसायची. तिथे लोक यंत्रात नाणी टाकून स्वतःचे कपडे स्वतः धुतात. संध्याकाळी यंत्रांमधली नाणी काढून मोजायचं काम मेरिलचं. कॅनडाची जुनी नाणी चांदीची असायची, नंतर ती निकेलची झाली. लोकांना फरक कळायचा नाही, मेरिलला कळायचा. टेबलावर टाकलेल्या नाण्याच्या नुसत्या आवाजावरून ती चांदीचं ओळखायची, मालकाला विचारून आपल्या पर्समधलं तेवढ्याच किमतीचं नाणं त्या जागी ठेवायची, आणि चांदीचं घरी आणायची. असं वीस वर्षं. बिस्किटांचा एक डबा भरला.

ती गेल्यापासून भाऊंनी तो डबा उघडला नव्हता. झाकणावर तिने लावलेली चिकटपट्टीसुद्धा तशीच होती.

मग गेल्याच्या गेल्या वर्षी, दिवाळीच्या आठ दिवस आधी, तो डबा घेऊन ते आमच्या दारात उभे राहिले. त्यांची नात क्लोई, बेन्सनची मुलगी, तेव्हा बारा वर्षांची. आजोबांकडूनच व्हायोलिन शिकलेली. तिचं लहान मापाचं, भाड्याने आणलेलं व्हायोलिन तिला पुरेना. शिकवणाऱ्या बाईंनी एक मोठं, वापरलेलं पण गोड आवाजाचं वाद्य तिच्यासाठी बाजूला काढून ठेवलं होतं. दोन हजार डॉलर, नोव्हेंबर संपेपर्यंत.

"बेन्सन देतो म्हणतो पैसे," भाऊ म्हणाले, "पण मी बोललो, नको. पोरीला आजी आठवत नाही. हे वाद्य आजीने घेऊन दिलं असं झालं पाहिजे. सर, तुम्ही धातूतले माणूस. यात चांदी किती, तेवढं बघून ठेवा. मी पंधरा दिवस लेकीकडे, सबीनाकडे, डँडेनॉन्गला चाललोय. आल्यावर विकायला नेऊ."

सर म्हणजे माझे यजमान, श्रीनिवास. पुण्याच्या कारखान्यात धातू तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं.

"तुम्हीच उघडा," भाऊ दारातून म्हणाले. "माझ्याच्याने होत नाही."

ह्यांना काय, उत्सवच. फ्रिजवरचा लोहचुंबक काढला, माझा स्वयंपाकघरातला वजनकाटा घेतला आणि डायनिंग टेबल अडवून बसले. मला शिकवायला लागले, "हे बघ सुहास, कॅनडाचं नाणं सदुसष्टपर्यंतचं असलं की शंभरात ऐंशी भाग चांदी. सदुसष्टातच काही निम्म्यावर आली. अडुसष्टात निकेल सुरू. निकेल चुंबकाला चिकटतं, चांदी चिकटत नाही. आणि ही चार अमेरिकन आहेत, चौसष्टच्या आधीची, ही नव्वद टक्के."

"एवढ्या नाण्यांत चिकटलेलं किती?"

"एकही नाही," ते म्हणाले. "बाईचा कान म्हणजे प्रयोगशाळा होती."

पाव डॉलरची साठ नाणी निघाली, त्यांवर सांबरासारखं जनावर. शिडाचं जहाज असलेली छोटी चाळीस. आणि तळाशी, कापसात गुंडाळलेला, तळहाताएवढा नाही पण चांगला मोठा असा एक अख्खा डॉलर. १९४८ सालचा. त्यावर होडीत बसलेली दोन माणसं. ह्यांनी त्याचं वजन केलं, तेवीस पूर्णांक तीन ग्रॅम, आणि वहीत लिहिलं, 'चांदी अंदाजे तीस डॉलरची.'

सगळी नाणी काळी पडली होती. तो डॉलर सगळ्यांत जास्त.

आता माझं ऐका. लक्ष्मीपूजनाचा दिवस. घरात शंभरावर चांदीची नाणी, आणि ती काळी. माझ्या आईने मला शिकवलेलं, की पाटावर मांडायची चांदी लख्ख पाहिजे, काळी लक्ष्मी मांडू नये. शिवाय मनात आलं, भाऊ येतील, डबा उघडतील, तेव्हा त्यांच्या मेरिलची चांदी कशी चमकली पाहिजे. मी कुणाला विचारलं नाही. सकाळी हे फिरायला गेल्यावर चिंचेचा कोळ केला, बारीक रांगोळी घेतली, जुना टूथब्रश घेतला आणि एकेक नाणं घासलं. दोन तास लागले. डॉलरला तर मी तीनदा घासलं, होडीच्या खाचांत काळं राहत होतं म्हणून. तोंडाने नामस्मरण चालू होतं. ते सांगायलाच पाहिजे. देवाचं नाव घेत घेत केलं मी ते.

हे आल्यावर बघून म्हणाले, "वा." परत काट्यावर ठेवलं. "वजनात काही फरक नाही. चांदी होती तेवढीच आहे."

चांदी होती तेवढीच होती, हे खरं.

भाऊ परत आले तेव्हा मी चहा टाकला आणि डबा त्यांच्यापुढे ठेवला. मी सांगणारच होते, 'बघा भाऊ, कशी घासून ठेवलीत.' शब्द ओठांवर होते. पण त्यांनी आधीच झाकण काढलं. डॉलर उचलून खिडकीकडे धरला. डोळ्यांतून पाणी.

"काय ठेवलंय तिने," ते म्हणाले. "आरसा. ताई, बघा ना, इतकी वर्षं बंद डबा, नि आरसा. अशीच होती ती. माझे बूट पण चमकवायची."

आता यावर मी काय बोलू? त्या माणसाच्या हातातून ते काढून घेऊ? मी म्हटलं, "चहा निवतोय भाऊ." एवढंच. आमच्या ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी डोळ्यांनीच गप्प बसवलं.

त्या आठवड्यात आम्ही तिघं शहरात जुनी नाणी घेणाऱ्या एका दुकानदाराकडे गेलो. गोरा, साठीचा, शांत माणूस. लहान नाणी त्याने चांदीच्या भावाने मोजली, पाचशे साठ डॉलर झाले. मग त्याने तो डॉलर उचलला, साल वाचलं आणि खुर्चीतून उठला. दिव्याखाली नेला. भिंगातून बघितला. बराच वेळ.

भारतातले का, असं त्याने विचारलं. हो म्हटल्यावर हसून म्हणाला, हे नाणं दुर्मीळ आहे ते तुमच्यामुळेच, मेट, म्हणजे दोस्ता. त्याने सांगितलं ते असं: आधीच्या नाण्यांवर राजाच्या नावापुढे 'हिंदुस्थानचा सम्राट' अशी अक्षरं असत. आपण सत्तेचाळीस साली स्वतंत्र झालो, ती अक्षरं काढायची वेळ आली, आणि नवे साचे लंडनहून कॅनडात पोचायला उशीर झाला. म्हणून अठ्ठेचाळीसचे डॉलर थोडेच पडले, वीस हजारही नाहीत.

"सर, ऐकलं काय," भाऊ खुशीत म्हणाले. "किंमत सांग म्हणावं."

दुकानदाराने नाणं मखमलीवर ठेवलं आणि म्हणाला, कुणीतरी हे घासलंय. घासलं नसतं तर मी आत्ता पंधराशे दिले असते. आता चारशे.

मी मनात बेरीज केली. पंधराशे आणि पाचशे साठ. व्हायोलिन झालं असतं, वर साठ डॉलर उरले असते.

"घासलं म्हणजे?" भाऊंनी विचारलं.

जुन्या नाण्यावर वर्षानुवर्षांची जी छाया चढते, तीच गिऱ्हाईक बघतो, असं त्याने समजावलं. ती गेली की परत येत नाही. चांदीच्या भावाला ती चालते, संग्रहाला नाही. मग भिंग पुन्हा डोळ्याला लावून तो हळूच म्हणाला, "धिस इज फ्रेश, बाय द वे." हे अलीकडचं आहे.

मी ऐकलं. भाऊंनी नाही ऐकलं, ते आधीच बोलायला लागले होते. "माय वाइफ, मेट. लाँड्रीत होती ना. सगळं घासायची. नो वरीज, नो वरीज." आणि हसले. आमच्याकडे वळून म्हणाले, "आपल्या स्वातंत्र्याचे अकराशे डॉलर हिने धुऊन टाकले, ताई. काय बाई होती."

दुकानदार माझ्याकडे बघत होता. मी माझ्या पर्सच्या चेनशी खेळत होते. नखं अजून चिंचेने पिवळी आहेत असं उगाचच वाटलं मला, दोन आठवडे होत आले होते तरी.

भाऊंनी डॉलर विकला नाही. "चारशेसाठी तिची आठवण देत नाही," म्हणाले. व्हायोलिन दुसऱ्या कुणी नेलं. बेन्सन पैसे घालायला तयार होता, पण म्हातारा हट्टाला पेटला, आजीचं नाही तर कुणाचंच नको. क्लोई भाड्याच्यावरच वाजवत राहिली.

आणि तो डॉलर भाऊंच्या शर्टाच्या खिशात राहायला लागला. कीर्तन संपलं, प्रसाद वाटला की खिशातून निघायचा. "बघा, हे कशामुळे दुर्मीळ झालं, ठाऊक आहे?" मग लंडनचे साचे, मग लाँड्री, मग "अकराशे डॉलर धुतले!" लोक हसायचे. भाऊ रंगवून सांगायचे, बुवांच्या तालमीत तयार झालेले ना. केलीव्हिलला हसले, पॅरामॅटाच्या गणपतीत हसले, सबीनाच्या घरी हसले. मी ताटं उचलायच्या निमित्ताने आत जायची. एकदा जायला जागा नव्हती तेव्हा मीही हसले.

घरी ह्यांनी दोनदा विषय काढला. "सांगून टाक सुहास. वजन बघून गप्प बसलो, मीही दोषीच. दोघं जाऊ."

"जाऊ," मी म्हणायची. "पुढच्या आठवड्यात."

मग मी एक पळवाट काढली. कीर्तनात आरतीचं ताट फिरतं, त्यातून बुवांना आणि साथीदारांना बिदागी जाते. पाकिटं भरायचं काम माझ्याकडे. मे महिन्यात मी माझ्या बचतीतले अकराशे डॉलर भाऊंच्या पाकिटात घातले. वाटलं, फिटलं. रविवारी सकाळी भाऊ पाकीट घेऊन हजर. "ताई, तुमच्या हिशोबात घोळ झाला. कुणीतरी हॉलच्या बांधकामाला दिले असतील, ते माझ्यात आले. मला नेहमीसारखे वीस द्या." वीस डॉलर घेऊन गेले. मी नंतर जप करायला बसले तर मणी पुढे सरकेना.

नोव्हेंबरच्या दोन तारखेला ख्रिश्चन मंडळी आपल्या गेलेल्या माणसांसाठी प्रार्थना करतात. गेल्या वर्षी तो रविवार होता. बेन्सनच्या घरी संध्याकाळी तीस-चाळीस माणसं जमली. आम्हीही गेलो. मेरिलच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या, गाणी झाली. मग बेन्सन म्हणाला, "क्लोई, तू नॅनाबद्दल काहीतरी बोल."

तेरा वर्षांची पोर उभी राहिली. जरा लाजली. म्हणाली, नॅना गेली तेव्हा मी चार वर्षांची होते, त्यामुळे मला फारसं काही आठवत नाही. पण एक गोष्ट मला माहीत आहे. "शी स्क्रब्ड अ थाउजंड डॉलर्स ऑफ अ कॉइन. विथ लव्ह." एका नाण्यावरचे हजार डॉलर तिने घासून काढले, प्रेमाने.

सगळे हसले, मायेने हसले. बेन्सनने डोळे पुसले.

त्या पोरीकडे तिच्या आजीची एकच गोष्ट होती, आणि ती माझी होती.

मी तशीच उठून स्वयंपाकघरात गेले. भाऊ तिथे कोकम सरबत पेल्यांत ओतत होते.

"भाऊ, तो डॉलर मेरिलने घासला नव्हता."

"काय?"

"मी घासला. लक्ष्मीपूजनाला. चिंच आणि रांगोळी लावून. सगळीच नाणी."

ते ओतत राहिले. सहा पेले भरले. मग जग खाली ठेवला.

"मग तुम्ही उघडला तेव्हा कसा होता?"

"काळा होता."

"काळा म्हणजे? नीट सांगा."

मी सांगितलं. अगदी काळा नाही. मधे करडा, आणि कडेकडेला निळी-जांभळी झाक, पारव्याच्या मानेवर असते तशी. होडीखालच्या पाण्यात थोडा सोनेरी. कापसात ठेवलेला, कापसावर निळ्या फ्लॅनेलचा तुकडा, कातरीने सरळ कापलेला. वर दोरा, दोऱ्याला साधी गाठ नाही, फूल घातलेलं.

"फूल घातलेलं?"

"हो."

"कापसाचं काय केलं?"

"टाकला, भाऊ. फ्लॅनेलही टाकलं."

त्यांनी पुन्हा विचारलं, झाक कुठे होती, राजाच्या बाजूला का होडीच्या. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा सांगितलं. तो डबा ज्याने उघडायचा तो माणूस मला विचारत होता, आणि मी सांगत होते. जगात दुसरं कुणी ते बघितलेलं नव्हतं. ह्यांनी बघितलं, पण ह्यांनी वजन बघितलं.

"तिला माहीत होतं," भाऊ स्वतःशीच म्हणाले. "घासायचं नाही हे तिला माहीत होतं. लाँड्रीतली बाई, घरभर घासायची, नि हे नाही घासलं." मग माझ्याकडे बघितलं. "वर्षभर मी तिला हसलो, ताई. तीस-तीस माणसांत उभा राहून हसलो."

"भाऊ, ते पैसे मी…"

"पैशाचं नाव काढू नका. ते पाकीट आलं माझ्या लक्षात आता."

बाहेर कुणीतरी सरबत मागत होतं. भाऊ म्हणाले, "आमच्यात फादरकडे जाऊन सांगायचं असतं, जाळीआड बसून. तुमच्यात काय असतं?"

"कीर्तन असतं," मी म्हटलं.

"मग तिथे सांगा. जेवढ्या लोकांना मी हसवलंय, तेवढ्यांना सांगा." ट्रे उचलून ते बाहेर गेले.

क्लोईला मी दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर गाठून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही. फक्त विचारलं, "देन व्हॉट वॉज शी लाइक?" मग ती होती तरी कशी? आणि मी तर तिला कधी पाहिलेलंच नव्हतं.

पंधरा तारखेच्या कीर्तनात उल्हासबुवांनी पूर्वरंग संपल्यावर, हार-बुक्का होतो त्या मधल्या वेळात मला उभं केलं. हॉलमधल्या साठ माणसांना मी सांगितलं. भाऊंची खुर्ची रिकामी होती. डिसेंबरातही ती रिकामी होती. ते रस्त्यात भेटतात, "काय ताई" म्हणतात, थांबत नाहीत. मी बोलावणं पाठवत राहते, आग्रह करत नाही. तो हक्क मी घासून टाकला.

पण भाऊंनी गोष्ट सांगितली ती काही केलीव्हिलपुरती नव्हती. कुणी पर्थला गेलं, कुणी भारतात परतलं, कुणी आणखी दहा जणांना सांगितली असेल. तुमच्यातलं कुणी कधी त्यावर हसलं असेल, म्हणून हे लिहून काढलं.

तर बाबांनो, बायांनो, मला विसरलात तरी चालेल. पण मेरिलला लक्षात ठेवा. लाँड्रीच्या खणखणाटात तिला चांदीचा आवाज वेगळा ऐकू यायचा. घेतलेल्या प्रत्येक नाण्याच्या जागी ती आपलं नाणं ठेवायची. आणि तिच्याकडे एक डॉलर होता, तो तिने कधीही घासला नाही. कुणी विचारलं तर एवढं सांगा.